मळेवाल्याची बाजू

शकूताई आमचं काम सोडून गेल्या त्या अमेरिकेमुळे. हे वाक्य मी दोनदा खोडून पाहिलं, पण याहून खरं दुसरं सुचेना.

आमच्या मिरारोडच्या सोसायटीतल्या क्षितिजाचा शांती नगरात क्लास आहे. खाली फरसाणचं दुकान, वर दोन खोल्या. रोज दहावीची मुलं येतात आणि रविवारी सकाळी नोकरी सांभाळून बाहेरून बी. ए. करणारी. त्यांना एक पेपर अमेरिकेच्या इतिहासाचा आहे. तो शिकवणारे सर ऐन डिसेंबरात नोकरी लागून नाशिकला निघून गेले. क्षितिजा आमच्याकडे आली, चहा प्यायली आणि म्हणाली, "काका, चार रविवार. फक्त चार. तुम्ही एकोणतीस वर्षं इतिहास शिकवलाय."

मी एकोणतीस वर्षं इतिहास वाचून दाखवलाय. पहिल्या वर्षी काढलेल्या नोट्स मी शेवटच्या वर्षीही वाचत होतो. मुलं लिहून घ्यायची, काही झोपायची, आणि तास संपल्याची घंटा झाली की त्यांच्यापेक्षा मला जास्त आनंद व्हायचा. हे क्षितिजाला सांगायला हवं होतं. पण नाही म्हणायलासुद्धा थोडं धैर्य लागतं.

"जातील ते," माझ्या वतीने अनसूया पलंगावरून म्हणाली. "घरात बसून तरी काय करतात? या पुस्तकाची धूळ त्या पुस्तकावर."

अनसूया माझी बायको. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. वॉकर घेऊन ती घरात फिरायची, पण ओट्याशी उभं राहायला डॉक्टरांनी मनाई केली होती. घर चाललं होतं ते शकूताईंवर. त्या भाईंदरपलीकडच्या मोरवा या कोळ्यांच्या गावाहून यायच्या. गेली सात वर्षं त्या आमच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक करत होत्या आणि ऑपरेशन झाल्यापासून अनसूयेला दिवसातून दोनदा पायाचा व्यायामही करायला लावायच्या. "काकू, वाकवा. अजून वाकवा. माजी सासू तुमच्याहून म्हातारी, ती उकिडवी बसून मासं साफ करते." अनसूया रडकुंडीला यायची आणि पाय वाकवायची. मी सांगितलं की ती फक्त माझ्याकडे बघायची.

शकूताईंचं आणि माझं बोलणं म्हणजे "काका, चहा" आणि "हं."

पहिल्या रविवारी मी नोट्स वाचल्या. चौदा मुलं होती. मागच्या बाकावर नीरज नावाचा काशीमीऱ्याच्या एका गोडाऊनमध्ये पार्सलं लावणारा मुलगा होता. तो दहाव्या मिनिटाला झोपला. तास संपल्यावर तोच माझ्याजवळ आला आणि मनापासून म्हणाला, "सर, तुमचा आवाज एकदम मस्त आहे. आठवड्यात पहिल्यांदा शांत झोप लागली."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणूनच ते मला लागलं. पुढच्या रविवारचा धडा होता यादवी युद्धाच्या आधीचा मोठा वाद. उत्तरेतले लोक म्हणत, माणूस मोकळा हवा. त्याने मजुरी करावी, चार पैसे मागे टाकावेत, मग स्वतःची जमीन किंवा दुकान घ्यावं आणि उद्या दुसऱ्याला कामावर ठेवावं. दक्षिणेतले कापसाचे मळेवाले म्हणत, हा सगळा देखावा आहे. तुमचा मजूर नावाला मोकळा, प्रत्यक्षात वाऱ्यावर सोडलेला. आमच्या गुलामाला निदान जन्मभर भाकरी तरी आहे. मला वाटलं, हे वाचून दाखवण्यापेक्षा आपणच मळेवाला व्हावं आणि मुलांनी उत्तरेकडून आपल्याला हरवावं. ही कल्पना मला इतकी आवडली की तिच्यात काहीतरी चूक असणार हे तेव्हाच कळायला हवं होतं.

बुधवारी सकाळी क्षितिजा अनसूयेला फिजिओथेरपीला घेऊन गेली होती. घर रिकामं होतं, म्हणजे मला तसं वाटलं. मी खांद्यावर शाल घेतली, हातात छत्री धरली आणि आतल्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो.

"उत्तरेच्या सज्जनांनो!" मी म्हणालो. माझा आवाज मलाच नवा वाटला. "तुम्ही मजुराला मोकळा म्हणता? तो आजारी पडला की तुम्ही दुसरा ठेवता! म्हातारा झाला की त्याला फाटक दाखवता!"

पण कापूस, मळा, फाटक यांतलं काही मुलांना जवळचं वाटेना. उदाहरण घरचं हवं. आणि घरचं उदाहरण माझ्याकडे एकच होतं.

"आमच्याच घरचं बघा!" मी छत्री आपटली. "शकूताई आमच्याकडे कामाला येतात. उद्या त्यांचे हात थकले तर आम्ही काय करू? दुसरी बाई बघू! पण त्या आमच्या मालकीच्या असत्या, तर मरेपर्यंत त्यांना खाऊ घालणं आम्हाला भाग पडलं असतं. मग सांगा, शकूताईंचं भलं कशात आहे? शकूताईंचं भलं गुलाम असण्यात आहे!"

शेवटचं वाक्य मला फारच जमलं असं वाटलं. मी ते तीनदा म्हटलं. एकदा चढ्या आवाजात, एकदा खालच्या पट्टीत आणि एकदा आरशाकडे बोट रोखून.

अर्ध्या तासाने पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर परातीत अर्धवट मळलेली कणीक होती. फ्रिजवर आमच्या घराची दुसरी किल्ली होती, शकूताईंकडे असायची ती. मला वाटलं शकूताई कोथिंबीर आणायला खाली गेल्या असतील. मी पाणी प्यायलो आणि पुन्हा मळेवाला झालो.

अनसूया घरी आली आणि दहा मिनिटांत तिचा फोन वाजला. तो तिने स्पीकरवर टाकला.

"काकू, काकांना सांगा," शकूताईंचा आवाज आला, "मी कुनाच्या मालकीची न्हाय. मी उद्यापासून येनार न्हाय. पीठ अर्धं ऱ्हायलंय, तेवढं मळून घ्या."

मी अनसूयेला सगळं सांगितलं. शाल, छत्री, अमेरिका. ती इतकी हसली की तिचा गुडघा दुखायला लागला. मग तिचं लक्ष परातीकडे गेलं आणि हसू थांबलं.

"आता पोळ्या कोण करणार?"

"दुसरी बाई बघू," मी म्हणालो, आणि मग लक्षात आलं. मळेवाला माझ्याबद्दल नेमकं हेच म्हणाला होता.

दुसरी बाई मिळाली नाही. पाचव्या मजल्यावर मंदा काम करते. अनसूयेने तिला बोलावलं, तर ती चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"काकू, तुमच्यासाठी जीव तुटतो. पण ते शकूचं घर आहे. ती रागावून सोडून गेलीय, म्हणजे ते बंद. ती हो बोलल्याशिवाय आमच्यातली कोणी येणार नाही. आमचं ठरलेलं आहे."

"कधी ठरलं?"

"आधीपासूनच आहे. दुपारी वॉचमनच्या केबिनमागे डबा खातो ना आम्ही, तिथे." मग तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग कमी होता, कुतूहल जास्त. "काका, तुमच्याकडून नव्हतं वाटलं."

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं. समोरच्या हेमालीभाभी खिचडीचा डबा घेऊन आल्या. तो अनसूयेच्या हातात देऊन मला म्हणाल्या, "अंकल, बुरा मत मानना, पर ये सब क्या बोल रहे हैं? आपको गुलाम चाहिए?"

"नहीं, भाभी. वो अमेरिका का था."

"अमेरिका से मँगवा रहे हो?"

मी फक्त खिचडीबद्दल आभार मानले. बोललो की वाढतं, हे त्या दिवशी पुरेसं सिद्ध झालं होतं.

गुरुवारी मी वरण-भात केला. वरण कढईच्या तळाशी राहिलं आणि भात आम्ही चमच्याने कापून खाल्ला. ते चाललं असतं. न चालणारी गोष्ट वेगळीच होती. गुरुवारी अनसूयेने व्यायाम केला नाही. शुक्रवारीही केला नाही. मी "वाकव" म्हणालो, ती "दुखतंय" म्हणाली, आणि मी लगेच "राहू दे मग" म्हणालो. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी आधीच बजावलं होतं की या दोन महिन्यांत पाय वाकला तर वाकला, नाहीतर तसाच ताठ राहील.

"मी करते ना तिला फोन," असं अनसूया म्हणेल याची मी वाट पाहत होतो. ते तिला कळलं.

"मी करणार नाही," ती म्हणाली. "बोललात तुम्ही, निस्तरा तुम्ही. आणि फोनवर नको. फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता." थोड्या वेळाने पायाकडे बघत ती म्हणाली, "मला करमत नाहीये हो तिच्याशिवाय."

म्हणून शुक्रवारी दुपारी मी रिक्षाने भाईंदर पश्चिमेला गेलो आणि तिथून उत्तनची बस पकडून मोरव्याला उतरलो. घर विचारत विचारत सापडलं. अंगणात ताडपत्रीवर जवळ्याची मासळी वाळत होती. शकूताईंचे यजमान दगडू ओट्यावर बसून जाळं सांधत होते. शकूताई पाठमोऱ्या बसून बोंबील साफ करत होत्या. माझी चाहूल लागूनही त्या वळल्या नाहीत.

"कोन पायजे?" दगडूभाऊंनी विचारलं.

"मी गुणवंत. मिरारोडहून. म्हणजे शकूताई आमच्याकडे..."

"हां! मालक आले," ते म्हणाले आणि सुई चालवत राहिले.

रिक्षात मी काय बोलायचं ते चार वेळा ठरवलं होतं. त्यातलं एकही आठवेना. "ते मी नव्हतो बोलत," मी म्हणालो. "एक अमेरिकन बोलत होता."

"तुमच्याकं अमेरिकन ऱ्हातो?"

"नाही. तो दीडशे वर्षांपूर्वी वारला. तसा एकच माणूस नव्हता, बरेच होते. त्यांची बाजू मी मांडत होतो."

दगडूभाऊंनी जाळं मांडीवर ठेवलं. "मेलेल्याची बाजू? आनि ती पन चुकीची?"

"हो. शिकवण्यासाठी."

"शके," ते मागे वळून म्हणाले, "यांचं डोकं ठीक हाय ना गं?"

शकूताईंनी हात धुतले आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "काका, सात वरसं मी तुमच्या घरी येत्ये. सात वरसांत तुमी माज्याशी धड चार वाक्यं बोल्ला न्हाय. मी बोलायची, जाऊ दे, काका बुजरे हायत. आनि ज्या दिवशी तोंड उघडलंत त्या दिवशी हे! तीन टाइम! मी मोजलं."

मी निघायला हवं होतं, पण अनसूयेचा ताठ पाय डोळ्यांसमोर आला. आणि मग मी जे बोललो ते माझं मलाही अनपेक्षित होतं. "शकूताई, रविवारी दहा वाजता क्लासला या. मी तिथे हेच सगळं बोलणार आहे. तुम्ही समोर बसून ऐका. मग तुम्हीच ठरवा, यायचं की नाही ते."

"आनि मी न्हाय बोल्ले तर?"

"तर... तर तसं अनसूयेला सांगावं लागेल मला."

"तेच तर अवघड हाय तुमाला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बोंबलांकडे वळल्या. येणार की नाही ते सांगितलं नाही. बसस्टॉपपर्यंत माझ्याबरोबर दगडूभाऊ आले. वाटेत एवढंच म्हणाले, "अमेरिकेत मासेमारी हाय काय वो?" मी हो म्हणालो. ते खूश झाले.

रविवारी पावणेदहाला मी क्लासच्या जिन्यात उभा होतो. खालच्या दुकानात गाठ्यांचा घाणा निघत होता. शकूताई आल्या. बरोबर मंदा होती. दोघी लग्नाला निघाल्यासारख्या नेसून आल्या होत्या, केसांत अबोली.

"शकूताई, तुमचं उदाहरण गाळतो मी," मी हळूच म्हणालो.

"गाळू नका. तेच तर ऐकाया आल्ये."

क्षितिजाने त्यांना पहिल्या बाकावर बसवलं. मी खांद्यावर शाल घेतली. नोट्स टेबलावर होत्या, पण शालीचा पदर सावरताना त्या खाली पडल्या आणि वाकून उचलायची लाज वाटली. म्हणून तसाच सुरू झालो.

काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित ती बाजू माझी नव्हती म्हणूनच मी घाबरलो नाही. मळेवाला बोलत होता, आणि त्याला चौदा मुलांचं कसलं भय? त्याने उत्तरेच्या गिरण्यांची लाज काढली. हात मशिनमध्ये गेलेल्या पोरींना दुसऱ्या दिवशी कोण विचारतं, असं विचारलं. मुलं पेनं खाली ठेवून बघत होती. नीरज जागा होता. शेवटी शकूताईंचं उदाहरण आलं. माझा आवाज एकदा चिरकला, पण त्यांच्याकडे बघतच मी ते पूर्ण केलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मंदाने मात्र कंबरेवर हात ठेवला.

उत्तरेची बाजू नीरजकडे होती. तो उभा राहिला. "सज्जनांनो, उत्तरेत माणूस मेहनत करतो. साठवतो. आज मजूर, तर उद्या मालक."

"तू सहा वर्षं मेहनत करतोयस की," शेजारचा अभिनव म्हणाला. "गोडाऊन कधी होतंय तुझ्या नावावर?"

सगळे हसले. नीरजही हसला. मग डोकं खाजवत म्हणाला, "सर, खरं बोलू? आमच्याकडे परवा एकाच्या पायावर पेटी पडली. तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा पोरगा. मला तर तुमचाच मुद्दा पटतोय. सर, मी पक्ष बदलू का?"

"सध्या तीच पद्धत आहे," क्षितिजा मागून म्हणाली. तिने गमतीने हात वर करायला सांगितले. चौदांपैकी अकरा हात मळेवाल्यासाठी वर गेले.

एकोणतीस वर्षांत मी कुणाला काही शिकवू शकलो नव्हतो, आणि जेव्हा शिकवलं तेव्हा हे शिकवलं! मी शाल काढून टेबलाखाली नोट्स शोधू लागलो. उत्तर त्यात होतं, पान चाळीसच्या आसपास.

"माना इचारायचंय," वरून आवाज आला.

मी टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. शकूताई उभ्या होत्या.

"तुमी शाल घाला परत. माना त्या मानसाला इचारायचंय."

मी शाल घेतली.

"तुमच्या मळ्यावर बाई कामाला हाय. तिला तुमी खायाला घालता, दवापानी करता. बरोबर? त्या बाईला पोर जालं. ते पोर कुनाचं?"

मळेवाल्यांनी या प्रश्नाला फाटे फोडून पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली आहेत. ती मला ठाऊक होती. पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून मला फाटा फोडता आला नाही.

"मालकाचं," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"कायद्यानेच. आई गुलाम, म्हणून मूलही गुलाम. जन्मल्यापासून मालकाच्या मालकीचं."

"आनि मालकाला ते नको जालं तर?"

"तो विकू शकतो."

"तिला इचारून?"

"नाही."

"केवढं पोर?"

"कितीही लहान."

नीरजने वर केलेला हात केव्हाच खाली घेतला होता.

"मंग भाकरीचं काय सांगता?" शकूताई म्हणाल्या. "भाकरी तर आमी कोंबडीलापन घालतो."

मग त्या नीरजकडे वळल्या. "आनि तू रे, गोडाऊनवाल्या. तुजं पन समदं खरं न्हाय. म्हने मेहनत केली की मालक होतो. मी बावीस वरसं पोळ्या लाटते. मी कशाची मालकीन जाले? लाटन्याची. ते पन काकूंचं हाय."

मुलं खदखदून हसली. नीरज म्हणाला, "मावशी, मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

"फरक? बुधवारी मी किल्ली ठेवली आनि चालती जाले. या काकांनी मागं कुत्री सोडली? काका मोरव्याला आले ते हात जोडून आले, आनि माज्या नवऱ्यानं त्यांना उभं ठेवलं."

"आणि त्या घरी दुसरी कोणी जाणार नाही, तेपण सांग," मंदा बसल्या जागेवरून म्हणाली.

"ते का?" अभिनवने विचारलं. मंदाने वॉचमनच्या केबिनमागचा नियम सगळ्यांना समजावून सांगितला. मुलं तिचं बोलणं वहीत लिहून घेत होती. माझ्या तासाला कुणी इतक्या भराभर लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. नीरज म्हणाला, "मावशी, एकदा आमच्या गोडाऊनला येऊन हे शिकवा ना."

पुढचा अर्धा तास मी बोललो. शाल काढून, माझ्याच आवाजात. अठराशे पन्नासचा तो कायदा सांगितला, ज्यानुसार पळून आलेल्या गुलामाला पकडून परत देणं उत्तरेतल्या माणसालाही भाग होतं. आणि पळून आलेल्या माणसांनी सभांमधून उभं राहून स्वतः काय सांगितलं तेही. मी म्हणालो, त्या वादातला सगळ्यात मोठा मुद्दा त्यांनीच मांडला होता, आणि आज आपल्याकडे तो तिसऱ्या कुणीतरी मांडला. क्षितिजाने पुन्हा हात वर करायला सांगितलं नाही. गरज नव्हती.

जिन्याखाली मी शकूताईंना गाठलं. "मग?"

"कळवते," त्या म्हणाल्या. मंदाने गाठ्यांची पुडी घेतली आणि दोघी रिक्षात बसल्या.

घरी अनसूया दाराकडे तोंड करून बसली होती. मी सगळं सांगितलं. कोंबडीचं वाक्य तिने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाली, "आणि माफी मागितलीत?"

"मी समजावून सांगितलं. मोरव्याला सांगितलं, क्लासला..."

"समजावून सांगणं वेगळं. माफी मागितलीत का?"

मी आठवून पाहिलं. मी अमेरिकन माणसाबद्दल बोललो होतो, बाजूबद्दल, कायद्याबद्दल. एवढं सगळं बोललो होतो, पण ते बोललो नव्हतो.

सोमवारभर मी फोनभोवती घुटमळलो. मंगळवारी सकाळी लावला.

"शकूताई, मी गुणवंत." पुढे काय, ते मी कागदावर लिहून ठेवलं होतं, पण चष्मा दुसऱ्या खोलीत होता. "माझं चुकलं. तो मळेवाला काहीही बोलो. तुमचं नाव मी घेतलं, तुम्हाला न विचारता. जसं काही ते माझंच होतं. ते चुकलं."

पलीकडे कुठेतरी कोंबडा आरवला.

"हां," शकूताई म्हणाल्या. "एवढंच ऐकायचं व्हतं. अमेरिका तुमची ऱ्हाऊ द्या, तिचा माना राग न्हवता. नाव माजं व्हतं." मग लगेच त्यांचा आवाज नेहमीचा झाला. "काकूंचा पाय वाकतो ना?"

"नाही. तुम्ही गेल्यापासून नाही."

"देवा! तुमी दोघं म्हंजे... आता ऐका. उद्या न्हाय. उद्या मी भनीकं उत्तनला चालल्ये. परवा पन न्हाय. शुक्रवारी येते. आनि साडेआठला न्हाय, साडेनवाला. ती सकाळची बस लई भरते."

"चालेल," मी म्हणालो. "तुम्ही म्हणाल तसं."

"असं न्हाय बोलायचं. पटलं तर हो बोला, न्हाय तर न्हाय बोला."

"हो," मी म्हणालो.

शुक्रवारी त्या साडेनवाला आल्या. आधी अनसूयेच्या खोलीत गेल्या. तिथून "वाकवा" आणि "आई गं" असे आवाज आलटून पालटून येत राहिले. मी पुस्तकात डोकं घातलं, पण एकही ओळ डोक्यात शिरली नाही. कानांनाच बरं वाटत होतं.

नंतर त्या ओट्याशी भाजी चिरत असताना मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. पाणी पिऊन झालं, तरी उभा राहिलो.

"काका," त्या न वळता म्हणाल्या, "त्या बायांची पोरं, जी इकली व्हती. मंग ते युद्ध जालं, सगळे सुटले. पुढं काय? गावली का ती पोरं?"

एकोणतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि माझ्या नोट्स युद्धाच्या तारखेला संपायच्या. मी म्हणालो, "थांबा, बघून सांगतो." दोन पुस्तकं काढली, तिसऱ्यात सापडलं. बोट ठेवून वाचू लागलो, "मुक्तीनंतरच्या दशकांत विखुरलेल्या कुटुंबांच्या पुनर्मीलनाचे..."

"पुस्तक ठेवा," शकूताई म्हणाल्या. "आनि सांगा."

मी पुस्तक मिटलं. "आया शोधत फिरल्या," मी म्हणालो. "चालत. या गावातून त्या गावात. पेपरात जाहिराती दिल्या. माझा मुलगा अमक्या वर्षी अमक्याला विकला, तेव्हा एवढा होता, त्याचं नाव हे, कुणी पाहिला असेल तर कळवा. वीस वर्षांनी दिल्या, तीस वर्षांनी दिल्या."

"गावली?"

"काही सापडली. पुष्कळशी नाही."

"एक तरी सांगा गावलेली," त्या म्हणाल्या. सुरी थांबली होती.

"अहो, मोठ्याने सांगा ना!" आतून अनसूया ओरडली. "मलाही ऐकायचंय."

मी स्वयंपाकघराच्या दारात, दोघींना ऐकू जाईल असा उभा राहिलो आणि सांगायला लागलो.